वेलीला जागं करा

१

साहेब, खोटं तुम्ही बोललात. कॅमेऱ्यासमोर उभं राहून, खाकी टोपी सारखी करून बोललात, की वेटरने बाईच्या वाइनमध्ये काहीतरी मिसळलं आणि बाई मेली. तेव्हा तुम्ही ग्लास तपासला नव्हता. बाटली तपासली नव्हती. तिथे कोण कोण हजर होतं ते विचारलंत, एकाचं आडनाव ऐकलंत आणि पुढचं विचारायचं थांबलात. त्या आडनावाचा पोरगा माझा भाचा आहे. सनी.

तुमचं बोलून झालं. आता माझं ऐका.

गिरणाऱ्याच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध एक फ्रेंच गाव उभं केलंय. बोर्डावरचं त्याचं खरं नाव नाशकात कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून सगळे फ्रेंच गावच म्हणतात. दगडी फरशीची एक गल्ली, निळ्या झडपांच्या खिडक्या, टोप्यांचं दुकान, साबणाचं दुकान, पावाची भट्टी, आणि गल्लीच्या टोकाला घड्याळाचा मनोरा. सकाळी आत जायचं, फिरायचं, खरेदी करायची, खायचं, बागेत जायचं, आणि उन्हं कलली की मनोऱ्यावर चढून वाइनचा ग्लास उंच धरून फोटो काढायचा. नटूनथटून या, असं पोस्टरवरच लिहिलेलं आहे.

त्या रविवारी राखी तिथे गेली होती. तिचं इंदिरानगरला कपड्यांचं बुटीक, आणि मोबाइलवर तिच्या रीळ बघणारे हजारो लोक. सोबत नवरा साई आणि मैत्रीण भाग्यश्री. मनोऱ्याच्या गच्चीवर सनीने बाटली उघडली आणि तिघांचे ग्लास भरले. राखी अर्धा ग्लास प्यायली. तिचा चेहरा एकदम लालबुंद झाला. तिने छातीवर हात दाबला, हवा हवी असल्यासारखी जिन्याकडे वळली, आणि दगडी जिन्यावरून गडगडत खाली गेली. शहरातल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत जीव गेला होता.

साई आणि भाग्यश्रीला काही झालं नाही. तेवढ्यावरून तुम्ही ठरवलंत, की औषध एकाच ग्लासात होतं आणि ते ओतणाऱ्यानेच टाकलं. त्यात सनीच्या मोबाइलवर राखीच्या चार रीळला बदाम दिलेले सापडले. तुमचं काम संपलं.

२

माझी बहीण भिमाबाई तेव्हापासून दाराला आतून कडी लावून बसते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. राखीकडचे लोक कॉलनीत येणार, घर फोडणार, असं कुणीतरी उठवलं होतं. मी दार वाजवलं तर ती आतून आधी माझं नाव विचारायची, मग आमच्या आईचं नाव विचारायची, मग उघडायची. सख्ख्या भावाला.

सनीची मोठी बहीण संजना विमा कंपन्यांसाठी क्लेम तपासते. कुणाचा हात खरंच मोडला, कुणी प्लास्टर उगीच घालून बसलंय, हे शोधायचं तिचं काम. तिची एक सवय आहे. ती कुणाला "का" विचारत नाही. फक्त विचारत राहते, मग काय केलं, मग काय केलं. माणूस कंटाळतो आणि खरं बोलून टाकतो. ती म्हणाली की रडायला आई आहे, तुम्ही माझ्याबरोबर चला. मी सावळीराम, अंबडच्या कारखान्यात पत्रा कापण्यात उमर गेली, रिटायर झालोय, रिकामाच होतो. निघालो.

सनी आम्हाला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला, दोन शिपायांच्या मध्ये. तो खालचा ओठ दातांनी धरून ठेवत होता. संजनाने त्याला जवळ घेतलं नाही की धीर दिला नाही. त्याच्याकडून तो दिवस क्रमाने काढून घेतला. बाटली सीलबंद होती, त्याने तिघांसमोर उघडली, तिघांना एकाच बाटलीतून दिली. ग्लास ट्रेमध्ये होते, ज्याने त्याने आपापल्या हाताने उचलले. कोणता कोण उचलणार हे त्याला कळणं शक्यच नव्हतं.

"मग काय केलं तिने?"

"फोटो काढला. प्यायली. ताई, ती पडायच्या आधीच लाल झाली होती गं, कुणी थोबाडीत मारल्यासारखी. मी धरायला गेलो तर साहेब म्हणाले मागे हो, गेस्टला हात लावू नको."

साहेब म्हणजे तिथला मॅनेजर ललित. तो गच्चीवर होता हे तुमच्या बोलण्यात कुठेच आलं नव्हतं.

शिपाई सनीला ओढायला लागले, तसा तो माझ्याकडे वळला. "मामा, आत मला रात्री झोपूच देत नाहीत," एवढंच म्हणाला.

३

साईच्या वडिलांचं देवळाली कॅम्पात बुटांचं दुकान आहे, निम्मी गिऱ्हाइकं लष्करातली. तो गल्ल्यामागे दाढी वाढवून बसला होता. आम्ही कोण हे कळल्यावर त्याचे दोन चुलतभाऊ शटरपाशी येऊन उभे राहिले. संजनाने खुर्ची ओढली आणि विचारायला लागली.

त्या दिवशी त्यांचं भांडण झालं होतं हे साईने स्वतःच सांगितलं. राखीने त्याला दिवसभर मोबाइल धरायला लावला होता. टोपी घालताना काढ, पाव तोडताना काढ, बागेत काढ, परत काढ. दुपारी जेवताना तो चिडून बोलला होता की मी नवरा आहे की कॅमेरामन. ती रुसली. मनोऱ्यावर गेल्यावर हसली, म्हणून त्याने पुन्हा मोबाइल धरला.

"ती जिन्याकडे गेली तेव्हा मी व्हिडिओच काढत होतो," तो म्हणाला. "माझा हात मोकळा नव्हता."

चुलतभावांनी आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवलं. एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाला की काका, पोरीला घेऊन पुन्हा ह्या बाजारात दिसू नका. अगदी शांतपणे म्हणाला.

भाग्यश्री दुसऱ्या टोकाला, कॉलेज रोडला राहते. तिच्याबद्दल आम्ही आधीच ऐकलं होतं. राखीच्या बुटीकमध्ये ती भागीदार व्हायची होती, मग राखीने नाही म्हटलं. तरी ट्रिपला बरोबर गेली. वर राखीला तिने तिथल्या भट्टीतली रंगीत मॅकरून बिस्किटांची डबी घेऊन दिली, आणि ती डबी एकट्या राखीने खाल्ली. संजनाने माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, सापडली.

पण भाग्यश्री लपवत काहीच नव्हती. रडत होती आणि मध्येच चिडत होती. डबी आहे अजून, म्हणाली, दोन उरलीत, घेऊन जा आणि तपासा. ती दोन ग्लास वाइन प्यायली होती, तिला काही झालं नव्हतं. बागेतल्या खेळात ती उतरलीच नव्हती. आदल्या दिवशी तिने नखांवर खडे लावून घेतले होते, ती नखं मातीत घालायची तिची तयारी नव्हती. राखी मात्र पूर्ण ओळ संपेपर्यंत बागेत होती.

निघताना तिने मोबाइलवर राखीचा शेवटचा फोटो दाखवला. पांढरा झगा, गवताची टोपी, मागे घड्याळ, हातात ग्लास. ग्लासावरची बोटं टोकांशी गुलाबी होती. मी म्हटलं, मॅकरूनचा रंग लागला असेल. भाग्यश्री म्हणाली, हो, तेच असणार. संजनाने फोटो मागून घेतला.

गाडी सुरू करताना तिचा फोन वाजला. कुणा बाईचा आवाज, गोड. तुमची आई दिवसभर घरी एकटी असते ना, एवढं विचारून फोन बंद झाला. गंगापूर रोडने परत येताना एक काळी बाइक आमच्या मागेच राहिली. आम्ही चहाला थांबलो तर तीही थांबली. तरी ती म्हणाली की येत्या रविवारी आपण फ्रेंच गावात जायचं, राखीने जे जे केलं ते सगळं त्याच क्रमाने करायचं.

४

मी लग्नातला सूट घातला. तिने पांढरा झगा घेतला होता, राखीसारखा. गेटवर पेठकडचा एक पहारेकरी, डोक्यावर तिरकी काळी टोपी. तो "बोंजूर मस्यू" म्हणाला आणि लगेच हळूच, "गाडी तिकडं झाडाखाली लावा काका, उन्हात तापल."

एक बाई तिथे आठवड्यापूर्वी मेली होती आणि गल्लीत अकॉर्डियन वाजत होतं. माणसं नटून आली होती. बायका गवताच्या टोप्या डोक्यावर घालून खिडक्यांपुढे वळून वळून बघत होत्या. आम्ही आधी भट्टीत गेलो. लोण्याचा वास असा की मला रागातही भूक लागली. क्रॉसाँ तोडला की त्याचे पापुद्रे सुटावर पडतात. संजना म्हणाली, "मामा, खारीसारखं कॉफीत बुडवू नका, लोक बघतायत." मी बुडवला. मग साबणाचं दुकान, मग अत्तर, मग रुमाल. तिने एक जांभळा रुमाल घेतला, कारण राखीने घेतला होता. दुपारी कांद्याचं सूप आलं. शेजारच्या टेबलावरचा एकजण दुसऱ्याला सांगत होता की हा कांदा खास फ्रान्सचा. मला नामपूरच्या मार्केटमध्ये ट्रॅक्टरमधून ओतलेले ढीग दिसत होते. मी सूप प्यायलो. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि सगळा वेळ वेटर बशी ठेवायला वाकला की मी त्याच्या हाताकडे बघायचो. काय मिसळलं असेल, कशात मिसळलं असेल. संजनाच्या तोंडात घास गेला की मी तो खाली उतरेपर्यंत थांबायचो.

ललित टेबलापाशी आला. चाळिशीचा, पांढरा लिननचा शर्ट, चेहऱ्यावर काळजी. आम्ही मामा-भाची, वाढदिवसाला आलोय, असं खोट्या नावांनी सांगितलं होतं. संजनाने घाबरल्यासारखं करून त्या घटनेबद्दल विचारलं. त्याने खुर्ची जवळ घेतली, आवाज खाली आणला. एका वेटरचं काम होतं, तो आता आत आहे, तुम्ही निर्धास्त राहा. मुलगा आधीपासूनच गप्प गप्प असायचा, कुणात मिसळायचा नाही. यापुढे भरती करताना आम्ही घरदार बघूनच घेणार, असंही म्हणाला.

माझ्या हातात सुरी होती, लोणी लावायची. मी ती खाली ठेवली.

५

जेवणानंतर बाग. या खेळाला त्यांनी नाव दिलंय "वेलीला जागं करा". नुकतीच छाटणी झालेली, पानं नाहीत, नुसत्या काड्या तारेवर बांधलेल्या. काडीवर जिथून नवा कोंब येतो त्या गाठीला डोळा म्हणतात. पाहुण्यांना स्पंजचा तुकडा आणि गुलाबी पाण्याचा डबा देतात. वेलीचा एकेक डोळा गुलाबी करायचा, मग वेलीला आपल्या नावाची रिबीन बांधायची. हंगामात ती वेल तुमची. फोटो सुरेख येतात.

संजना आली नाही, बागेचं तुम्ही करा म्हणाली. राखीने जिथे टोपी घेतली त्या दुकानातल्या मुलीशी तिला बोलायचं होतं. ओळीत मी एकटाच सूटवाला, बाकी सगळे तरुण. तिथल्या एका टोपीवाल्या पोराने सगळ्यांना रबरी हातमोजे वाटले, नव्याकोऱ्या खोक्यातून. खोक्याची चिकटपट्टी त्याने आमच्यासमोर फाडली. बागेतल्या बायका, डोक्याला फडकं बांधलेल्या, आम्ही यायच्या आधी तिथल्या लोकांनी त्यांना पलीकडच्या टोकाला पिटाळलं होतं. त्या आमच्याकडे बघत उभ्या होत्या. एक काहीतरी ओरडली, पण स्पीकरवर गाणं चालू होतं.

माझे पंजे कारखान्यातले. मोजा चढवताना अंगठ्यापाशी टर्रकन फाटला. दुसरा दिला, तोही फाटला. टोपीवाला पोरगा दुसरीकडे गेला. मी उघड्या हाताने स्पंज बुडवला. खरं सांगायचं तर मला तो खेळ आवडला. ओळ संपवली. कारखान्यात काम अर्धं टाकून उठायची सवय नाही मला.

हात बागेतल्या नळावर धुतले. रंग बराच गेला, सगळा नाही गेला.

६

मनोऱ्याचा जिना अरुंद आहे आणि एका बाजूला कठडाच नाही. पायऱ्या घासून धुतल्या होत्या, खालची सगळ्यात जास्त. मी भिंतीला चिकटून चढलो. वरून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं, सगळीकडे छाटलेल्या बागा. संजनाने वेटरला बाटली उघडू दिली नाही. स्वतः सील तोडलं, स्वतः रुमालाने ग्लास पुसले, स्वतः ओतली. मामा आणि भाची समोरासमोर वाइन घेऊन उभे. पंचशीलातलं पाचवं, दारू न पिण्याचं शील त्या दिवशी मी घरी ठेवून आलो होतो. ती म्हणाली की आईला सांगू नका, आणि पूर्ण ग्लास प्यायली. मी अर्धा.

आधी कान तापले. मग मान. कुणीतरी शर्टाच्या आत निखारे ओतल्यासारखं छातीपासून वर चढत आलं. डोळ्यांत रक्त आल्यासारखं लाल दिसायला लागलं. अंबडला आमच्याकडे मोठा प्रेस होता, तो पत्र्यावर पडला की जमीन हादरायची. तसं काळीज पडत होतं, आणि मध्ये थांबायला तयार नव्हतं. हवा तोंडात येत होती, आत जात नव्हती. पायाखाली गच्ची आहे का नाही तेच कळेना. मला एवढंच वाटत होतं, खाली, जिन्याने खाली, मोकळ्यावर.

मी वळलो. पहिल्या पायरीवर पाय टाकला.

संजनाने कोटाच्या मागच्या शिवणीला धरून मला मागे ओढलं. सूट फाटला. तिने मला फरशीवर पाडलं आणि माझ्या छातीवर आपलं अख्खं वजन टाकून बसली.

"जिन्याकडे नाही. मामा, जिन्याकडे नाही जायचं. इथेच मरा हवं तर, पण हलू नका."

तिचा चेहरा पांढरा फटक होता. लाल नव्हता.

७

गिरणारे रस्त्यावर एक छोटं हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टर सविता मॅडम. मला सलाइन लावून निजवून ठेवलं होतं. छातीतला प्रेस हळूहळू शांत होत होता. संजना पलंगाशेजारी उभी राहून बोलायला लागली, डॉक्टरांना कमी आणि स्वतःला जास्त.

सकाळपासून दोघांनी एकाच ताटातलं खाल्लं. बाटली सीलबंद, तिने स्वतः उघडली. ती पूर्ण ग्लास प्यायली, मामा अर्धा. तरी मामाच पडला. म्हणजे बाटलीत काही नव्हतं, ग्लासात नव्हतं, अन्नात नव्हतं. सनी तर कोठडीत होता. मग मामाने असं काय केलं जे तिने केलं नाही? बाग. एकच गोष्ट. राखीने बाग केली, पडली. भाग्यश्रीने नखांमुळे बाग केली नाही, दोन ग्लास पिऊनही उभी राहिली. साई बागेत होता, पण दिवसभर त्याच्या हातात मोबाइल होता, स्पंज नव्हता.

तिने माझा हात उचलून डॉक्टरांपुढे धरला. नखांच्या कडांना गुलाबी रंग होता. मग मोबाइलवरचा राखीचा फोटो धरला.

"मॅडम, हा रंग कशाचा आहे?"

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला आणि चष्मा काढला. म्हणाल्या, ही पेस्ट आहे. छाटणीनंतर सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागायतदार काडीला हे औषध लावतात, आणि लावलेली काडी ओळखू यावी म्हणून त्यात रंग घालतात. औषध उघड्या कातडीतून आत जातं. मग पोटात दारू गेली की शरीराला ती पचवता येत नाही. चेहरा लाल, छातीत धडधड, श्वास अडकतो, रक्तदाब खाली, माणूस कोसळतो. छाटणीच्या दिवसांत त्यांच्याकडे असे येतातच. पेस्ट चालू असली की पुढचे एक-दोन दिवस बाटलीला शिवायचं नाही, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक बागेत सांगतात.

"आणि ह्या शहाण्यांनी आधी पेस्ट लावायला दिली," डॉक्टर म्हणाल्या, "आणि मग वर नेऊन पाजली."

त्या ओळीत राखी एकटी नव्हती. संजनाने राखीच्या रीळमधून बागेतली तोंडं ओळखून बायका शोधल्या, फोन केले. तिघींनी आधी कानावर हात ठेवले. मग एक बोलली. बसमध्ये तिला उलट्या झाल्या, चेहरा भाजल्यासारखा झाला. पहिल्यांदाच प्यायली होती, तिला वाटलं दारू अशीच चढते. दुसरीचंही तेच. पण सांगणार कुणाला? ती हळूच म्हणाली, "ताई, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. सासूबाईंना वाटतं मी नणंदेच्या डोहाळजेवणाला गेले होते."

म्हणून कुणी बोललं नाही. आणि ज्याच्या घरी असलं काही लपवायचं नव्हतं, तो सनी, तेवढा आत गेला.

८

एक गोष्ट राहिली होती. हे सगळं ललितला माहीत नव्हतं, चुकून झालं, असंही असू शकलं असतं. मी तेच म्हटलं. संजनाने राखीची रीळ माझ्यापुढे धरली. पूर्ण ओळ दिसते. सगळ्यांचे हात उघडे. एकाच्याही हातात मोजा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ललितच्या ऑफिसात बसलो, यावेळी खऱ्या नावांनी. मला अजून उभं राहिलं की गरगरत होतं. संजनाने हातमोज्यांचं विचारलं. तो म्हणाला, आम्ही पहिल्यापासून देतो, नियमच आहे. तिने रीळ लावली. तो बघत राहिला. अकॉर्डियन खिडकीतून ऐकू येत होतं.

"काय झालं हे तुम्हाला माहीत नव्हतं, तर पुढच्याच रविवारी हातमोजे कशाला आणले?"

त्याने उठून खिडकी लावली. मग बोलला ते सगळं काही कबुली नव्हती, पण मी ऐकलंय. छाटणी सगळीकडे एकदमच येते, पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या मिळत नाहीत, पेस्ट वेळेत लावली नाही तर बाग पुढेमागे फुटते. पाहुणे हौसेने लावतात, त्यांचा फोटो होतो, आपली ओळ होते. आधी नुसतं रंगीत पाणी द्यायचे. या वर्षी टोळी आलीच नाही, म्हणून डब्यात औषध गेलं. राखी लाल झालेली बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं. सनी धरायला गेला तेव्हा त्याने थांबवलं, कारण तिच्या बोटांकडे कुणी बघू नये.

मी विचारलं, मग पोराचं नाव का घेतलंस. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी नाव नाही घेतलं. त्यांनी मला विचारलं, हाच का? मी फक्त नाही म्हटलं नाही."

मग तो सावरला. हे सगळं बंद पडलं तर इथले किती लोक घरी बसतील, त्यात तुमच्यातलेच जास्त आहेत, याचा विचार करा, असं म्हणाला. आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती काळी बाइक गेटजवळ उभी होती. पेठकडचा पहारेकरी आमच्यासोबत गाडीपर्यंत आला. टोपी काढून हातात घेतली होती त्याने.

९

साहेब, संजना तुमच्याकडे आली. सोबत डॉक्टर सविता होत्या, मी होतो, माझं रंगलेलं बोट होतं, रीळ होती. तुम्ही आम्हाला बाकावर बसवलंत. मग आत बोलावून मला एकच विचारलंत, की म्हातारबा, किती घेतली होती? तुमच्या मागचे हसले. डॉक्टर मॅडम तुम्हाला औषधाचं समजावत होत्या तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात. रिपोर्ट आल्यावर बघू म्हणालात. कसला रिपोर्ट? त्या औषधासाठी तुम्ही काही तपासायलाच पाठवलं नाही. बागेतला डबा अजून तिथेच आहे. कोण उचलणार तो, मी?

तुम्ही चुकलात हे मला कळतं. एखादा माणूस चुकू शकतो. पण आता तुम्हाला माहीत आहे. आता ती चूक राहिली नाही.

काल सनीची तारीख होती. त्याच्या डाव्या डोळ्याखाली काळं होतं. भिमाबाईने विचारलं तर म्हणाला, घसरलो. तो व्हरांड्यात माझ्याकडे आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मामा, मी हो म्हणून टाकू का? म्हटलं तर मारायचं थांबवतील म्हणतात." तेवीस वर्षांचा पोरगा. मी त्याला नाही म्हणालो. घरी आल्यापासून मला वाटतंय, नाही म्हणायला माझं काय जातंय, रात्र तर त्याला काढायची आहे.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर फ्रेंच गावाचं नवीन पोस्टर लागलंय. या रविवारी पुन्हा. नटूनथटून या.

मला तुमचा कागद नको, शिक्का नको. भिमाबाई उद्या सकाळी तुमच्या दारात येऊन बसणार आहे. दाराची कडी काढून, या सगळ्यानंतर पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडून येणार आहे. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा. खरं कळल्यानंतरही तिचा मुलगा आत का आहे?